पाणी जाऊ द्या, माती जाऊ देऊ नका



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताईंनी आज हे काय काढलं? आज आपण बोलणार आहोत मातीच्या धरणाबद्दल. गावाजवळचा पाझर तलाव म्हणा, लघुपाटबंधाऱ्याचा तलाव म्हणा, नाहीतर दोन डोंगरांच्या मधलं मोठं धरण म्हणा. मातीचा भराव घालून पाणी अडवलं की ते मातीचं धरण. त्या भरावाला कुणी पाळ म्हणतं, कुणी बांध म्हणतं. हा भराव बांधतात कसा, त्यातून पाणी का पाझरतं, कोणता पाझर चालतो आणि कोणता दिसला की धावत सुटायचं, एवढंच आज समजून घ्यायचं आहे.

बचत गटात हा विषय कशासाठी? तलावात पाणी आहे म्हणून खालच्या विहिरींना पाणी आहे, आणि विहिरीला पाणी आहे म्हणून आपल्या बायांचा भाजीपाला आहे, म्हशी आहेत, कर्जाचे हप्ते वेळेवर आहेत. शिवाय तलावाच्या खाली वस्ती आहे. आणि मला सांगा, भरावाच्या खालच्या अंगाला सगळ्यात जास्त कोण जातं? गवत कापायला, शेळ्या चारायला, सरपणाला, ओढ्यावर धुणं धुवायला कोण जातं? आपणच ना! खात्याचे साहेब वर्षातून एक-दोनदा येतात. आपण रोज तिथून जातो. आपल्याला रोज दिसतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

भरावाच्या पोटात काय असतं?

बाहेरून बघितलं तर धरण म्हणजे मातीचा लांबलचक ढीग दिसतो. पण नुसता ढीग पाणी अडवत नाही. पाण्याचा दाब केवढा असतो बघा. पाणी दहा मीटर खोल असेल, तर तळाशी एकेका चौरस मीटरवर दहा टनांचा दाब पडतो. म्हणजे अंथरलेल्या एका पोत्याएवढ्या जागेवर भरलेला ट्रक उभा केल्यासारखं झालं. हा दाब सोसायचा तर भराव रुंद आणि जड पाहिजे.

म्हणून मातीचं धरण वर अरुंद आणि खाली फार रुंद असतं. समजा भराव दहा मीटर उंच आहे आणि माथा तीन मीटर रुंद आहे. पाण्याकडच्या बाजूला एक मीटर उंचीला तीन मीटर उतार दिला आणि खालच्या बाजूला दोन मीटर, तर पायथ्याची रुंदी त्रेपन्न मीटर होते. पाण्याकडचा उतार जास्त पसरट का? तर त्या बाजूची माती कायम भिजलेली असते. तलावाचं पाणी भराभर उतरलं, तर ओली जड माती आधाराशिवाय राहते आणि घसरते. उतार पसरट असला की ती जागेवर थांबते.

आता आतलं बघू. आपल्याकडे भरावाच्या मधोमध चिकण काळ्या मातीची भिंत घालतात. तिला गाभा म्हणायचं. कामावरची माणसं हार्टिंग म्हणतात. काळी माती पाण्याला सहजासहजी वाट देत नाही. पण तिचा एक दोष आपल्याला शेतातून माहीत आहे. भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून तिला उघडं ठेवत नाहीत. दोन्ही बाजूंनी मुरमाचा जाड थर देतात, त्याला केसिंग म्हणतात. मुरूम वजन देतो आणि काळ्या मातीला ऊन-पावसापासून झाकून ठेवतो. पाण्याकडच्या बाजूला दगड रचलेले असतात, ते पिचिंग. लाटा आपटून माती धुपू नये म्हणून ते असतात.

गाभा जमिनीवरून सुरू होत नाही, बरं का. आधी जमिनीत लांब चर खणतात, खालचा खडक किंवा पक्का थर लागेपर्यंत, आणि तो चर त्याच चिकण मातीने दाबून भरतात. कामावर याला सीओटी म्हणतात. हा चर नसला तर पाणी भरावाच्या खालून निघून जाईल. पाझर तलावाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याचं पाणी जमिनीतून खालच्या विहिरींना मिळावं अशीच योजना असते, म्हणून तिथे चर खडकापर्यंत नेण्याचा आग्रह नसतो. पण लक्षात ठेवा, पाझर तलावसुद्धा तळातून पाझरायचा असतो. भरावातून मनमानी गळायचा नसतो.

माती टाकली आणि काम झालं असंही नाही. माती वीतभर जाडीच्या थरांनी पसरायची, बेताचं पाणी मारायचं आणि रोलरने दाबायची. मग पुढचा थर. पाणी किती मारायचं? भाकरीचं पीठ मळताना आपण बघतो तेवढं. कमी पडलं तर पीठ फुटतं, जास्त झालं तर हाताला चिकटतं. मातीही अशीच. मुठीत दाबल्यावर तिचा लाडू झाला पाहिजे आणि हातातून पाणी निथळता कामा नये. १९७२च्या दुष्काळात राज्यभर रोजगाराची कामं निघाली, त्यात असे कितीतरी पाझर तलाव झाले. त्या कामांवर बायांनी डोक्यावरून माती वाहिली. ज्यांनी धुम्मस मारलाय त्या आजीबाईंना विचारा, थर नीट न दाबता पुढचा थर टाकला की मुकादम का ओरडायचा. दोन थरांमध्ये पोकळ राहिली की पाणी तीच वाट धरतं.

प्रत्येक मातीचं धरण पाझरतं

गटाच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. “ताई, एवढं सगळं करूनही भराव खालून ओला दिसतो. म्हणजे कामात लबाडी झाली का?”

तसं नसतं. आपला मातीचा माठ पाझरतो की नाही? बाहेरून ओलसर राहतो म्हणून तर पाणी गार होतं. माठ पाझरला म्हणून आपण त्याला फुटका म्हणत नाही. तसंच धरणाचं. माती कितीही दाबली तरी तिच्या कणांमध्ये बारीक फटी राहतात. पाणी त्यांतून हळूहळू पुढे सरकतं. भराव मधोमध कापून बघता आला, तर आत ओल्या मातीची एक रेघ दिसेल. पाण्याकडे ती उंच असते आणि खालच्या बाजूला येताना उतरत जाते. रेघेच्या खालची माती पाण्याने भरलेली, वरची कोरडी.

धरण बांधणाऱ्याचं सगळं कसब या रेघेत असतं. ती भरावाच्या आतच खाली उतरली पाहिजे आणि पायथ्याशी, ठरवून दिलेल्या जागेतूनच बाहेर पडली पाहिजे. ती उताराच्या मध्येच बाहेर आली, तर तिथली माती भिजते, मऊ होते आणि ढासळायला लागते. चिकण गाभा आणि खालचा चर पाण्याची वाट लांब आणि अवघड करतात. त्यामुळे पाणी कमी येतं आणि त्याचा जोर मोडतो. पण ते बंद होत नाही. जे येणार आहे, त्याला नीट वाट काढून द्यावी लागते.

ही वाट म्हणजे खालच्या पायथ्याशी रचलेला दगडांचा बांध. त्याला रॉक टो म्हणतात. त्याची उंची साधारण पाण्याच्या उंचीच्या चौथा ते तिसरा हिस्सा असते. आतून आलेलं पाणी या दगडांतून निथळतं, पायथ्याच्या नालीत पडतं आणि ओढ्याला जातं. काही धरणांत त्याच्याबरोबर भरावाच्या आत वाळूचा थरही देतात.

चहाच्या गाळणीचं काम

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माती आणि दगड एकमेकांना थेट लावून चालत नाहीत. दगडांमध्ये मोठ्या फटी असतात. पाण्याबरोबर माती त्या फटींतून निघून जाईल. गव्हाच्या चाळणीने चहा गाळला तर काय होईल? सगळी पूड कपात. म्हणून चहाला बारीक गाळणी लागते. धरणातही मातीच्या पुढे आधी वाळू, वाळूच्या पुढे बारीक खडी, तिच्या पुढे मोठी खडी आणि मग दगड असे थर लावतात. वाळू मातीला धरून ठेवते, खडी वाळूला आणि दगड खडीला. पाणी मात्र सगळ्यांतून पार होतं.

वाळू कशी पाहिजे याचाही हिशेब आहे. कार्ल टेरझागी नावाच्या अभियंत्याने तो घालून दिला. सोप्या भाषेत सांगायचं तर, वाळूतले बारीक दाणे हे मातीतल्या जाड कणांच्या चार-पाच पटींपेक्षा मोठे नकोत. त्याहून मोठे झाले की माती निसटते. आणि वाळू मातीपेक्षा फारच बारीक नको, नाहीतर पाणीच अडून बसेल. दिसेल ती वाळू उचलून टाकली असं चालत नाही. तलावाच्या दुरुस्तीचं काम गावात निघालं आणि गाळणीच्या जागी नुसता मुरूम किंवा मातकट वाळू पडताना दिसली, तर ग्रामसभेत जरूर विचारा.

म्हणून आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पाणी जाऊ द्या, माती जाऊ देऊ नका.

माती वाहायला लागली की काय होतं?

भरावातून येणाऱ्या पाण्याबरोबर मातीचे कण बाहेर पडायला लागले, की खालच्या बाजूला छोटंसं भोक पडतं. भोकापाशी पाण्याची वाट आखूड होते, म्हणून आजूबाजूचं पाणी तिकडेच ओढलं जातं. जोर वाढतो, आणखी माती सुटते. भोक खालून वर, तलावाच्या दिशेने, पोखरत जातं. आत एक नळीच तयार होते. ती पाण्यापर्यंत पोहोचली की मग थांबवणं माणसाच्या हातात राहत नाही. वरून भराव धडधाकट दिसत असतो आणि पोटात पोखरलेला असतो, घुशीने पोखरलेल्या कणगीसारखा.

ही नळी कुठे सुरू होते? घुशी, उंदीर आणि खेकडे यांच्या बिळांपाशी. भरावावर वाढलेल्या मोठ्या झाडाच्या मुळांपाशी, कारण झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्या जागी पोकळी राहते. कुणी मोटारीचा पाइप भराव खणून आरपार टाकला असेल तर त्या पाइपच्या कडेने. आणि फार वेळा मोरीच्या कडेने. मोरी म्हणजे कालव्याला पाणी सोडायची बांधीव वाट. सिमेंटच्या बांधकामाला लागून असलेली माती रोलरने नीट दाबली जात नाही, म्हणून तिथे खास काळजी घ्यावी लागते.

तीन धरणांची हकिगत

पहिली पानशेतची. पुण्याच्या वरच्या अंगाला असलेलं हे मातीचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं. कामं पुरी व्हायच्या आत त्या पावसाळ्यात पाणी साठलं होतं. मोरीचं काम अपुरं होतं. तिच्यातून जोराने पाणी जाऊ लागलं, तसा तिच्यावरचा भराव खचत गेला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा सावरून धरला. सकाळी धरण गेलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासला धरणही फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मोरी आणि तिच्याजवळचा भराव किती नाजूक असतो, ते यातून कळतं.

दुसरी हकिगत परदेशातली आहे. ती सांगते, कारण ती दिवसाउजेडी, लोकांच्या डोळ्यांदेखत घडली. अमेरिकेत आयडाहो राज्यात टीटन नावाचं मातीचं धरण होतं, नव्वद मीटरहून उंच. नवं कोरं होतं आणि पहिल्यांदाच भरत होतं. ५ जून १९७६ला सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला खालच्या बाजूला गढूळ पाणी दिसलं. भोक मोठं होत गेलं. ते बुजवायला दोन बुलडोझर माती ढकलत होते, ते दोन्ही भोकात गेले. चालक थोडक्यात वाचले. दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटलं. गढूळ पाणी दिसल्यापासून जेमतेम पाच तास. नंतरच्या चौकशीत निघालं, की पायातल्या चराच्या मातीला खडकाच्या उघड्या भेगा लागून होत्या आणि मध्ये गाळणी नव्हती. माती त्या भेगांतून वाहून गेली. एवढं प्रचंड पाणी येऊनही अकरा माणसं गेली, हजारो वाचली. कारण दिवस होता, आणि धरण फुटायच्या आधीच खालच्या गावांना निघून जायला सांगितलं गेलं.

तिसरी आपल्या कोकणातली. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं. मुसळधार पाऊस होता, लोक घरात होते. खालची भेंदवाडी वाहून गेली. वाहून गेलेल्या माणसांचा आकडा वीसच्या वर होता. धरणाला गळती आहे हे आपण आधीच कळवलं होतं, असं गावकऱ्यांनी तेव्हा सांगितलं. खेकड्यांनी धरण पोखरलं असंही बोललं गेलं आणि त्यावर राज्यभर चर्चा झाली. खेकडे बिळं करतात हे खरं आहे. पण बिळं शोधणं, बुजवणं आणि भराव राखणं हे माणसांचं काम आहे.

या दोन हकिगती शेजारी ठेवून बघा. तिकडे धरण कितीतरी मोठं, पण खालच्या लोकांना वेळ मिळाला. इकडे धरण लहान, पण रात्र होती आणि वेळ मिळाला नाही. म्हणून चिन्हं आधी ओळखायला शिकायचं.

काय बघायचं?

पहिलं म्हणजे पाण्याचा रंग. पायथ्याच्या नालीतलं पाणी स्वच्छ आहे का गढूळ? नुसत्या नजरेवर जाऊ नका. काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बाटली भरून घ्या आणि तासभर हलवू नका. तळाशी माती बसली तर ते पाणी भरावातली माती आणतंय असं समजा. पाऊस पडत असताना वरून वाहिलेलं पाणी नालीत मिसळतं, म्हणून बाटली पाऊस थांबल्यावर, पाणी जिथून बाहेर येतं त्या तोंडाशी भरा. मात्र धो धो पावसात एखाद्या भोकातून गढूळ धार येताना दिसली, तर बाटलीचा खेळ करत बसू नका, लगेच कळवा.

दुसरं, पाण्याचं माप. नालीचं पाणी एका जागी पाइपने घेऊन पंधरा लिटरची बादली किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजा. साठ सेकंदांत भरली तर मिनिटाला पंधरा लिटर, तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला तीस लिटर. मोठ्या धरणांवर यासाठी व्ही आकाराची खाच असलेली पाटी बसवतात. आपली बादली तेच काम करते. तलाव भरला की पाझर वाढणार, ते साहजिक आहे. पण तलावाचं पाणी तेवढंच आहे किंवा उतरतंय आणि पाझर मात्र वाढतोय, असं दिसलं तर काहीतरी बिघडलं आहे. एकदम कमी झाला तरी कळवा. कुठेतरी वाट तुंबली असेल, किंवा पाण्याने दुसरी वाट धरली असेल.

तिसरं, नवी ओल. उन्हाळ्यात सगळं रान वाळलेलं असताना भरावाच्या उतारावर एखाद्या पट्ट्यात गवत हिरवंगार असेल, तर आत पाणी आहे. चारा कापणाऱ्या बायांना ही जागा बरोबर ठाऊक असते. ती जागा पायथ्यापासून वर असेल किंवा दरवर्षी पसरत असेल, तर नोंद झालीच पाहिजे.

चौथं, पायथ्याच्या पुढची जमीन. तिथे पाणी बुडबुडत वर येतंय आणि भोवती वारुळासारखं वाळूचं छोटं कडं तयार झालंय असं दिसलं, तर खालून माती सुटते आहे.

पाचवं, माथा आणि उतार. माथ्यावर भेग पडली का? लांबीला समांतर भेग म्हणजे उतार घसरू पाहतोय. तलावाकडून खालच्या बाजूला आडवी गेलेली भेग जास्त वाईट, कारण पाण्याला ती सरळ वाट आहे. माथा कुठे खचून खोलगट झालाय का? उताराचा भाग फुगलाय का? पिचिंगचे दगड बसलेत का? तलावाच्या पाण्यात भरावाजवळ भोवरा फिरताना दिसला, तर पाणी आत शिरायची जागा तीच.

सहावं, सांडवा. जादा पाणी काढून देणारी ही वाट मोकळी पाहिजे. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहिलं तर ते टिकत नाही. म्हणून सांडव्यात झुडपं, गाळ, कचरा नको. थोडं पाणी जास्त साठावं म्हणून कुणी सांडव्यावर पोती रचतं, मासे जाऊ नयेत म्हणून कुणी जाळी लावतं. हे अजिबात होऊ द्यायचं नाही.

आपण काय करायचं, काय नाही?

चुलीला आणि सारवणाला भरावाची माती आणायची नाही. चांगली चिकण असते, जवळही पडते, पण पायथ्याची माती उकरली की भरावाचा पायच कापला. पिचिंगचे किंवा पायथ्याचे दगड धुण्याला, पायरीला उचलायचे नाहीत. पावसाळ्यात भरावावरून जनावरं उतरवायची नाहीत. त्यांच्या वाटेचे ओघळ होतात. गवत राहू द्यावं, ते माती धरतं. बाभळीसारखी रोपटी लहान असतानाच मुळासकट उपटावीत. मोठं झालेलं झाड मात्र आपल्या मनाने तोडू नये, कारण मूळ आत कुजत राहतं. ते खात्याला विचारूनच काढायचं.

आता फार महत्त्वाचं. गळती दिसली की घाईने खालून माती, सिमेंट किंवा चिंध्या कोंबून ती बुजवायची नाही. पाणी आत येतच असतं. बाहेरची वाट बंद केली की ते आत तुंबतं, जोर वाढतो आणि दुसरीकडून भसकन फुटतं. खालच्या बाजूला करायचं असतं ते गाळायचं काम: गळतीवर वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड, म्हणजे पाणी जाईल आणि माती थांबेल. पाणी बंद करायचं असेल तर ते तलावाकडच्या बाजूने करावं लागतं. पण हे दोन्ही जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली करायचं. आपण गळतीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, मुलांना तर मुळीच नाही.

गढूळ धार, भोवरा, खचलेला माथा यांतलं काही दिसलं, तर त्याच मिनिटाला सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी यांना सांगा. तहसील कार्यालयाला कळवा. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे, आणि ११२ आहेच. त्याच वेळी खालच्या वस्तीला उठवा आणि ओढ्यापासून दूर, उंचावर न्या. उत्तराची वाट बघत थांबू नका. धरण नाही फुटलं तर एक रात्रीची झोप गेली, एवढंच.

नोंदवही आपलीच

२०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं, आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही ठरावीक धरणं त्यात येतात. त्यांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणं मालकाला बंधनकारक आहे. आपल्या गावचे तलाव बहुतेक याहून बुटके असतात. म्हणजे कायद्याची ती नजर त्यांच्यावर नाही. पण खालच्या वस्तीला लोंढा तो लोंढाच.

म्हणून प्रत्येक ग्रामसंघाने एक साधी वही करावी. आपल्याला वही लिहायची सवय आहेच. तारीख, तलावात पाणी किती, पाऊस होता का, बादली किती सेकंदांत भरली, पाणी स्वच्छ का गढूळ, नवं काय दिसलं आणि सही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा आणि तलाव भरल्यावर रोज. दोघींनी जायचं, एकटीने नाही, आणि दिवसाउजेडी जायचं. मोबाइलवर त्याच जागेचा, त्याच बाजूने फोटो काढायचा.

तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तलाव लहान असेल तर जिल्हा परिषद किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे, मोठा असेल तर जलसंपदा विभागाकडे. कुणाचा आहे ते ग्रामपंचायतीत विचारा आणि वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. “धरण गळतंय” एवढंच लिहिलं तर कागद कागदांत जातो. पण “मोरीच्या डाव्या अंगाला गळती आहे, जूनमध्ये बादली साठ सेकंदांत भरत होती, आज पंचवीस सेकंदांत भरते, तलावाचं पाणी तेवढंच आहे, बाटलीच्या तळाशी माती बसते” असं लिहिलं, सोबत फोटो लावला, तर कार्यालयातल्या अभियंत्याला बसल्या जागी कळतं की उठून निघायला पाहिजे. एकीकडे कार्यालयाला आणि एकीकडे ग्रामसभेच्या ठरावात, अशा दोन्ही जागी ते गेलं पाहिजे.

पावसाळ्याच्या आधीच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हा विषय घ्या. दोन जणींची नावं ठरवा, एक वही, एक बादली आणि एक बाटली ठरवा. खालच्या वस्तीत कुणाकडे म्हातारी माणसं आहेत, कोण बाळंतीण आहे, रात्री कुणी कुणाचं दार वाजवायचं, तेही लिहून ठेवा. तलावावर फेरी मारून आलात की तुमच्या भरावाचं काय दिसलं ते आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू.